झाडून ठेवलेलं गायरान

फुलंब्रीजवळच्या एका गावाची मी तलाठी. सरकारनं आता आम्हाला भारदस्त नाव दिलंय, पण गावात मी अजून तलाठीबाईच. फक्त गायरानावरचे मेंढपाळ मामा-मामी मला ताई म्हणतात. ही जमीन सरकारची, गावाच्या गुरांना चरायला राखलेली. सुगी संपली की मामा गावकऱ्यांच्या शेतात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात आणि बाकीचे दिवस गायरानावर काढतात. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. शहरातून स्कूटीवर येताना मी तिथं थांबायची. मामींच्या हातचा शेळीच्या दुधाचा चहा प्यायल्याशिवाय माझं ऑफिस उघडत नसे.

मागच्या वर्षी ही जमीन केंद्राच्या एका खात्याला द्यायचं ठरलं. राज्याची जमीन केंद्राला, म्हणजे या खिशातून त्या खिशात, असंच मला वाटलं. माझ्याकडून एवढंच हवं होतं, जागा मोकळी आहे असा पंचनामा. वरून सारखे फोन येत होते. इथं एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारतं, अशी एक ओळ मी लिहिली असती तर सुनावणी लागली असती, काम लांबलं असतं, साहेब माझ्यावर उखडले असते. पण सरकारला मामांसाठी चराईची दुसरी जागा दाखवावी लागली असती, हेही मला चांगलं ठाऊक होतं.

मी मामांना फोन केला. "मामा, उद्या साहेब लोक येणार आहेत. मेंढरं जरा डोंगराकडं न्या."

"न्हेतो की ताई. तुमचं काम अडायला नको."

म्हाताऱ्याच्या मागे नोटिशीचा ससेमिरा नको, म्हणून मी हे करतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली. स्वतःची समजूत घालण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरले आणि चरकलेच. चुलीचे दगड हलवलेले, राख उचललेली, मेंढरांची जाळी गुंडाळून नेलेली. जमिनीवर कायम लेंड्यांचा थर असायचा, तिथं खराट्याच्या रेघा दिसत होत्या. लिंबाखाली मामी पाण्याची कळशी घेऊन उभ्या होत्या.

"पहाटंपासून झाडलं बगा ताई. घाण दिसली तर साहेब तुमालाच बोलायचे."

केंद्राचे साहेब परगावचे. चौफेर नजर फिरवून म्हणाले, "जमीन तो एकदम साफ है." मग मामींच्या कळशीतलं पाणी प्यायले.

पंचनाम्याला गावातले दोन पंच लागतात. एक माझ्याबरोबर आलेला कोतवाल. दुसरं कुणी जवळपास नव्हतं आणि साहेबांना निघायची घाई होती. मामा डोंगरावरून नुकतेच आले होते, धुतलेलं धोतर नेसून. मी त्यांच्यापुढं कागद धरला.

"काय लिव्हलंय ताई?"

"जागा मोकळी आहे, एवढंच."

"व्हय, मोकळीच हाय की. आमीच केली." असं म्हणून त्यांनी अंगठा दिला. मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही. तरी शाईचं पॅड मीच पुढं सरकवलं होतं.

जमीन गेली. त्या दिवसापासून मी वाट बदलली, लांबच्या रस्त्यानं येते. घरी विचारलं तर सांगते, तिकडं खड्डे फार झालेत. मला लाज वाटते, आणि लाज वाटूनही मी काही करत नाही, याची जास्त वाटते.

गेल्या आठवड्यात मामा ऑफिसात आले. वहाणा बाहेर काढून दारातच उभे राहिले. डोंगरावर पाणी नाही, कोकरं मरायला लागलीत, असं म्हणाले. तक्रार म्हणून नाही, खुशाली सांगावी तसं. गायरानाच्या कडेनं लोखंडी खांब रोवले जाताना त्यांनी पाहिले होते.

"ताई, सायबांचं काम झालं का? खांब रोवून झाले की मेंढरं माघारी आणू का?"

मी फाइल उगीच उघडली, मिटली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"थांबा मामा, अजून थोडे दिवस," मी म्हणाले.

"बरं. तुमी म्हनाल तवा आणू."

वहाणा घालून ते निघाले आणि मामींनी चहाला बोलावलंय, असं फाटकातून सांगून गेले.