कणकेवरची चार बोटं

ऑफिसातून आल्या आल्या मी कणीक भिजवायला घेतली. ओट्याशी उभी माझी लेक मोबाइलवरच्या ग्रुपात तावातावाने भांडत होती. तिच्या लाडक्या कादंबरीतले ते काल्पनिक डोंगरी लोक मेलेल्यांची नावं का घेत नाहीत? कुणी म्हणे धर्म, कुणी म्हणे भीती. कधी नव्हतीच अशा माणसांची एवढी चौकशी! मला ऐकूनच दमायला झालं. कणीक मळून झाली, तशी सवयीने गोळ्यावर चार बोटं दाबली.

"हे का करतेस गं?" तिने मान वर करून विचारलं.

"माझी आई करायची."

"पण का?"

मी कणीक झाकून ठेवली. आईला विचारायचं राहूनच गेलं. त्या डोंगरी लोकांचा लेखक निदान हयात तरी आहे.