पुसलेली सीट

मी भाड्याच्या सायकलवरून उतरले, मोबाइलवर फेरी बंद केली, आणि ताईंनी पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली. माझ्यासमोर. आधी सीट पुसली. मग दोन्ही मुठी. मग घंटी. घंटीला तर मी हातही लावला नव्हता.

"राग मानू नका हं मावशी," त्या म्हणाल्या. "एवढ्या घामाघूम होऊन येता, म्हणून आपलं."

मी मान हलवली. वर त्यांच्या घरी गेले आणि त्यांची कणीक मळली. त्याच हातांनी.

मी धायरीची. सिंहगड रस्त्याच्या एका सोसायटीत घरोघरी स्वयंपाक करते. ताई माझ्याच वयाच्या, पण मी तिथं सगळ्यांची मावशी. माहेरी एकच सायकल होती, ती भावांची. मला पुसायला मिळायची, बसायला नाही.

भाड्याच्या सायकली शहरात आल्या तेव्हा ताईंनी खटपट करून आमच्या फाटकाबाहेर स्टँड आणला. मोबाइल दाखवला की कुलूप उघडायचं. पाहिजे तिथं जायचं, दुसऱ्या स्टँडवर सोडून द्यायची. आम्हा कामवाल्या बायांना त्यांनी पार्किंगमध्ये गोळा केलं.

"ह्या सायकलीला मालक नाही," त्या म्हणाल्या. "जो आधी येईल त्याची."

मला येत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः शिकवलं. साडीचा पदर खोचायला लावला, मागून सीट धरली आणि माझ्यामागे धावल्या. धापा टाकत ओरडत होत्या, "पुढे बघा मावशी, माझ्याकडे नको!" मला वाटलं, बाई असावी तर अशी. अजूनही तो दिवस आठवतो. राग त्याचाच जास्त येतो.

मी शिकले, मग धुणंभांडी करणाऱ्या सुनीताला शिकवलं. तिची सीट मी धरली. हळूहळू सगळ्याच बाया सायकलने यायला लागल्या.

मग सोसायटीच्या ग्रुपवर कुरकुर सुरू झाली. संध्याकाळी फिरायला सायकल उरत नाही. सीटला वास येतो. खोबरेल तेलाचा, भांड्यांच्या साबणाचा. ताईंनी तोड काढली. लाल रिबनचं रीळ माझ्या हातात दिलं.

"दोन सायकलींना बांधून टाका. त्या तुमच्या. म्हणजे कुणाला त्रास नको."

वेगळा कप होताच. वेगळी लिफ्ट होती. त्यांची सवय झाली होती. पण सायकल रस्त्यावरची. तिलाही आमचं वेगळं?

हे मी मनात म्हटलं. तोंडाने "बरं" म्हटलं, आणि रिबन बांधली.

गंमत अशी, की ह्या सायकली एका जागी राहत नाहीत. रिबनची सायकल कुणीतरी घेऊन जायचं, ती नारायण पेठेत नाहीतर खडकीत जाऊन पडायची. तिच्या जागी दुसरी यायची. मग मी तिला नवी रिबन बांधायची. कितीदा तरी रिबन वाटेत गळून पडायची आणि आमची सायकल त्यांची व्हायची. ताई आमच्याच सीटवर बसून फिरून यायच्या. मला ते कळत होतं. तरी रोज सकाळी वाकून मी गाठ मारत होते. ताईंनी सीट धरली होती ना. उपकार होते.

एका दुपारी सुनीताला शाळेतून फोन आला. पोरगी जिन्यावरून पडली. ती धावत खाली आली. स्टँडवर एकच सायकल होती, बिनरिबनची. तिने कुलूप उघडलं. मी फाटकात होते. माझ्याच तोंडून निघालं, "ए, ती आपली न्हाई! ठेव ती!"

वॉचमन हसला.

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, ताईंनी तुमाला वॉचमन केलंय व्हय?"

तिने सायकल सोडली आणि पायी पळत सुटली. त्या उन्हात. मी तिथंच उभी. हातात रीळ.

ताईंनी बाटली काढली तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं होतं. इथं मीच बाटली झाले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंच्याच स्वयंपाकघरातली कात्री खाली नेली आणि रिबनी कापल्या. रीळ त्यांच्या डायनिंग टेबलावर ठेवलं.

"हे काय मावशी?"

"तुमचं रीळ."

"अहो, सगळ्यांची सोय म्हणून केलं होतं ते."

"मग रिबनच्या सायकलवर तुम्ही बसा. सोयच आहे."

त्यांनी रीळ बाजूला सरकवलं. मी विचारलं, "ताई, माझ्या हातची पोळी पुसून खाता का?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "आपलं आता जमायचं नाही," त्या म्हणाल्या. एवढंच.

ते घर सुटलं. बाकीच्या घरी मी जाते, त्याच फाटकातून. सुनीताच्या पोरीचा हात प्लास्टरमध्ये आहे. सुनीता माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली, तरी ती बोलत नाही, आणि मी त्याची वाट बघत बसणार नाही.

ताई अजून संध्याकाळी बाटली घेऊन स्टँडवर येतात. सीट, मुठी, घंटी. आता मी मान खाली घालून बाजूने निघून जाणार नाही. शेजारी उभी राहणार. त्यांना सावकाश पुसू देणार. पुसून झालं, आणि मोबाइल काढायला त्यांनी पर्समध्ये हात घातला, की कुलूप मी उघडणार. त्या ओल्या सीटवर बसून धायरीला जाणार.

जो आधी येईल त्याची. त्यांनीच शिकवलंय.