व्लायकूची मुलगी

सांदू हंकू दान्यूब नदी पोहून पलीकडे युगोस्लाव्हियात पळाला आणि इकडे रुमानियातल्या सेवेरीनमध्ये त्याच्या बहिणीचं, स्मारांदाचं, नशीब फिरलं.

स्मारांदा तेव्हा तिशीतही नव्हती. बाप गोदीत वेल्डर, आई शिवणकाम करणारी. अशा घरातून उठून ती गावच्या ऑपेरात मुख्य सोप्रानो गायिका झाली होती. तिचा आवाज वरच्या पट्टीत चढला की बाल्कनीतले गोदी कामगार खोकला दाबून धरत.

भाऊ पळाल्याचं कळताच ऑपेरात कम्युनिस्ट पक्षाची बैठक बसली. सगळे माना खाली घालून होते. वाद्यवृंदाचा संचालक त्रायान व्लायकू तेवढा उठला.

"हिला सगळं ठाऊक होतं. पोहताना गारठू नये म्हणून भावाच्या अंगाला चरबीसुद्धा हिनंच चोळली असेल!"

चारजण हसले. स्मारांदाला ते हसणं जन्मभर पुरलं. त्याच आठवड्यात तिची नायिकेची भूमिका व्लायकूच्या बायकोकडे गेली आणि स्मारांदा मोलकरणीच्या वेषात कोरसच्या मागच्या रांगेत उभी राहिली. तरुणपण तिथंच सरलं.

राजवट कोसळली तोवर तिचे केस पिकले होते. ती घरी गाणं शिकवू लागली आणि तिच्या शिकवणीतल्या मुली स्पर्धा जिंकू लागल्या. एका दुपारी दारात व्लायकू उभा. हातात आलुबुखाराच्या दारूची बाटली, पाठीमागे मुलगी इलिंका.

"स्मारांदाबाई, झालं गेलं दान्यूबला मिळालं."

"माझं मिळालं, साहेब. तुमचं काय मिळालं?"

तो ओशाळला. "पोरीला गळा आहे. तिच्या आईनं शिकवून पाहिलं, जमेना."

"आईला स्वतःला कुठं जमलं होतं?" स्मारांदा मुलीकडे वळली. "गा गं."

मुलगी गायली. स्मारांदाच्या अंगावर काटा आला. याची सगळ्यात लाडकी वस्तू हा आपणहून आपल्या हातात देतोय, हे तिला तेव्हाच उमगलं.

"शिकवते. पण तुम्ही पुन्हा हा उंबरा ओलांडायचा नाही. आणि ती बाटली उचला."

शिकवण्यात तिनं कसूर केली नाही. होतं नव्हतं ते सगळं त्या गळ्यात ओतलं. ताप आला तर उशाशी बसली, ईस्टरला गोड पाव भाजून खाऊ घातला. बापानं घरी काही सुचवलं की म्हणायची, "ऐकून घे नि सोडून दे." हळूहळू इलिंका बापाचं ऐकेनाशी झाली. मनातलं सगळं बाईंपाशी बोलू लागली.

काही वर्षांनी इलिंकाला पहिली मोठी भूमिका मिळाली, स्मारांदाकडून हिसकावलेली तीच. व्लायकू निवृत्त व्हायचा होता. वाद्यवृंदासमोर उभं राहून शेवटचा प्रयोग लेकीचाच चालवायचा, असं तो गावभर सांगत सुटला. जाहिराती लागल्या. मग स्मारांदानं इलिंकाला जेवायला बोलावलं आणि त्या बैठकीची हकिगत सांगितली. चार हसणाऱ्यांसकट.

इलिंकानं घरी जाऊन बापाला विचारलं. तो म्हणाला, "ते दिवसच तसे होते."

दुसऱ्या दिवशी तिनं व्यवस्थापकाला सांगितलं, "बाबा असतील तर मी गाणार नाही."

प्रयोग दुसऱ्या संचालकानं चालवला. व्लायकू प्रेक्षकांत बसला. पुढच्या रांगेतली स्मारांदा पडदा उघडल्यापासून मान वळवून त्याच्याकडेच बघत होती. लोक कुजबुजले, पण तिनं नजर काढली नाही. मध्यंतर व्हायच्या आत तो टोपी चुरगाळत उठून गेला. इतकं गोड तिला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

सकाळी इलिंका आली. डोळे सुजलेले.

"बाई, हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगून त्याला काय लागलं असतं?"

इलिंका उठली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला धार लावत होतात."

स्मारांदाला खोटं बोलता आलं असतं. तिनं 'होय' म्हटलं. इलिंका गेली ती सरळ व्हिएन्नाला. ना बापाला पत्र, ना बाईंना.

ईस्टरच्या उपासांच्या आधीच्या रविवारी सेवेरीनमध्ये लोक एकमेकांची क्षमा मागतात. त्या वर्षी व्लायकू फाटकाशी आला. पार वाकला होता.

"क्षमा कर, स्मारांदा."

'देव तुला क्षमा करो' असं उत्तर द्यायची रीत. शेजारची आनेता कुंपणावरून कान देऊन होती.

"देवाला सांग," स्मारांदा म्हणाली. "त्याला वेळ आहे."

तिनं फाटक लावलं.

"अगं, तुला काहीच वाटत नाही?" आनेतानं विचारलं.

"पोरीचं वाटतं. रोज वाटतं," ती म्हणाली. "त्याचं नाही."