दार उघडलं की आवाज बंद

माझी मावशी कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार रडला, वकील ओरडले, न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, तरी तिची बोटं थांबायची नाहीत आणि चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. कचेरीत तिला सगळे टकटकबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. ती हसून सोडून द्यायची.

मावशी थोरली, माझी आई धाकटी. आईचा गळा गोड म्हणून आजोबांनी तिला गाण्याच्या क्लासला घातलं आणि थोरलीला टायपिंगच्या. संध्याकाळी स्वतःचा क्लास आटपून मावशी धाकटीला आणायला जायची आणि गाणं संपेपर्यंत बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहायची. आई हे आठवून हसते. मावशी कधी हा विषयच काढत नसे.

आईची हौशी नाटकमंडळी होती. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालमी आणि तिथेच प्रयोग. त्या वर्षीचं नाटक आईनं स्वतः बसवलं होतं, मुख्य कामही तिचंच. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर नवऱ्याची वाट बघणारी बाई, एवढीच गोष्ट. संवाद थोडे, त्यामुळे बरीचशी मदार संगीतावर. आणि कीबोर्ड वाजवणाऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तो सामान बांधून गेलासुद्धा.

आई आमच्या जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसली होती. मावशी सहज म्हणून आली होती.

"मी वाजवते," मावशी म्हणाली.

आई आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की मावशी हसत नाहीये.

"ताई, ते टाइपरायटर नाही गं."

मावशीनं आपली कपबशी उचलली, धुऊन पालथी घातली आणि निघून गेली.

आईला वाटलं, विषय मिटला. पण त्या शनिवारी मला मावशीचा फोन. "तुझा लॅपटॉप घेऊन ये. आईला बोलू नकोस."

तिच्या टेबलावर नवाकोरा कीबोर्ड होता. दुकानातला सगळ्यात साधा. फक्त हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर जोरात वाजणारा हवा, एवढा एक हट्ट तिनं धरला होता. पियानोचा आवाज बरा होता. व्हायोलिनचं बटण दाबलं, तर डब्यात डास कोंडल्यासारखं वाजलं.

"दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरला जोडा, मग पाहिजे तो आवाज मिळेल. मिडी का काय म्हणतात ते." तिनं मला प्रिंटरला असते तसली चौकोनी तोंडाची वायर दाखवली.

मी फुकटातलं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, वायर जोडली, कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद केला. मावशीनं पट्टी दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. ढिम्म.

"मोडला का गं?" तिचा आवाज एवढासा झाला होता. मी तिला घाबरलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मलाही काही माहीत नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवते. दोघी मिळून वाचत बसलो, तेव्हा उलगडा झाला. त्या वायरमधून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच खबर जाते. आवाज काढायचा तो लॅपटॉपनं, आणि आम्ही त्याला कुठलं वाद्य हे सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे मी सांगणार आणि हा उतरवून घेणार," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं मी उतरवून घेत आले." आणि ती एकदम खूश झाली.

खुशी फार टिकली नाही. वाद्य निवडलं, आवाज आला, पण बोट पडल्यावर किंचित उशिरानं. मावशी चार सूर वाजवून अडखळायची, जणू कुणीतरी मागून तिच्याच बोलण्याची नक्कल करतंय. बिनतारी स्पीकर काढून वायरचा लावला, सॉफ्टवेअरमधला एक आकडा कमी केला, तेव्हा कुठे बोट आणि आवाज बरोबर पडायला लागले.

खरी अडचण पुढे होती. तिनं वाजवलेलं स्क्रीनवर उमटायचं. प्रत्येक सुराखाली एक उभी रेघ, जितका जोर तितकी उंच. मावशीच्या रेघा कुंपणाच्या गजांसारख्या सगळ्या एका उंचीच्या.

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "आम्हाला हेच शिकवलं. सगळी अक्षरं सारखी काळी उमटली पाहिजेत. एक फिकट, एक गडद आलं की बाई हातावर पट्टी मारायच्या."

आता तेच मोडायचं होतं. रोज कोर्टात जायच्या आधी ती हेडफोन लावून, मी आणून दिलेल्या तालमीच्या रेकॉर्डिंगवरून धुनी बसवायची. कोर्टात सारखं मारायचं, घरी कमीजास्त. एकदा तिच्या टाइप केलेल्या जबानीत दोन ओळी सुटल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. साहेबांनी बोलावून विचारलं, बरं वाटत नाही का. त्या दिवशी ती घरी आली आणि कीबोर्ड खोक्यात भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी परत काढला.

आईला कळलं ते मीच सांगितल्यामुळे. दुसरा वादक मिळाला नव्हता आणि प्रयोग तोंडावर आला होता. आईनं मावशीला तालमीला बोलावलं. ऐकून घेतलं. छान म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. "शेवटाकडे ये," म्हणाली.

शेवट असा होता. बाई बाकावर बसलेली. मागे एकच खालचा सूर, लांब, व्हायोलिनवर गज ओढल्यासारखा. मग ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडतं, डॉक्टर बाहेर येतात आणि काही बोलत नाहीत. नाक्यावर चष्म्याचं दुकान असलेले चष्मेवाले काका डॉक्टरांचं काम करत होते.

"दार उघडलं की आवाज बंद," आईनं बजावलं. "पूर्ण बंद. लोकांना स्वतःचा श्वास ऐकू आला पाहिजे."

मावशीचं बोट दरवेळी जरा उशिरा उठायचं. आईनं तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतला. चष्मेवाले काका दारातून आत-बाहेर करून घामाघूम झाले. शेवटी आई वैतागली. "ताई, कोर्टात माणूस गप्प झाल्यावर तू टाइप करत बसतेस का?"

मावशीचा चेहरा जसाच्या तसा. "पुन्हा घेऊ," एवढंच ती म्हणाली. आणि त्या वेळी तिचं बोट दाराबरोबर उठलं.

प्रयोगाला हॉल भरला होता. मी मागच्या बाजूला दिव्यांच्या बटणांपाशी. मावशी रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, त्या दाराला लागूनच, कारण दार तिला दिसायला हवं होतं. लॅपटॉप स्टुलावर, तिथून एक वायर हॉलच्या स्पीकरकडे, एक कीबोर्डकडे. ही दुसरी वायर दारासमोरून गेली होती. आमच्यापैकी कुणाच्याच ते डोक्यात आलं नाही.

सगळं नीट चाललं होतं. सुरुवातीची धून मावशीनं इतकी अलगद वाजवली की मला दिवे लावायचं भान राहिलं नाही. शेवट आला. आई बाकावर, हात मांडीवर. तो खालचा सूर सुरू झाला. दार उघडलं.

काका दारातून रंगमंचावर यायला निघाले आणि त्यांच्या बुटात वायर अडकली. ते पडले नाहीत, नुसता पाय झटकला. वायर कीबोर्डमधून निसटली.

मावशीनं बोट उचललं होतं. पण पट्टी सोडल्याची खबर लॅपटॉपपर्यंत पोचलीच नाही. त्याच्या लेखी मावशीचं बोट अजून तिथेच होतं. सूर चालूच राहिला.

मला पडद्याच्या फटीतून मावशी दिसत होती. तिनं दोन्ही हात हवेत धरले होते. मग तीच पट्टी दाबून सोडली. काही फरक नाही. वायर परत खुपसली. सूर चालूच. मला जागेवरून तिथे जायचं तर अख्खा हॉल ओलांडावा लागला असता.

आई थांबली होती. शांतता झाल्याशिवाय पुढचं वाक्य नाही, हा तिचाच नियम. काका आईकडे बघत होते, आई दाराकडे, आणि तो सूर गरम तारेसारखा सगळ्यांच्या डोक्यावरून चाललेला. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. एका बाईनं वळून मागे पाहिलं. आईच्या मानेची शीर ताठ झालेली मला तेवढ्या लांबून दिसली. नाटकातल्या बाईची नव्हे, आईची.

मावशी लॅपटॉपवर वाकली. झाकण आपटून बंद करेल असं मला वाटलं, आणि मी मनात म्हणत होते, कर, करून टाक. तिनं तसं केलं नाही. ती बटणं निरखत होती. मग स्पीकरचं चित्र असलेलं एक बटण तिला सापडलं. तिनं ते दाबलं. सूर किंचित उतरला. थोडं थांबून पुन्हा दाबलं. हळूहळू, एकेक पायरी, तिनं तो खाली खाली नेला, आणि तो कधी संपला ते कळलंच नाही.

आईनं आपलं वाक्य म्हटलं. आवाज फाटला. तो नाटकातला होता की खरा, मी अजून विचारलेलं नाही.

शेवटची धून राहिली होती. लॅपटॉपचा भरवसा उरला नव्हता. मावशीनं कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाढवला आणि त्याच्या इवल्याशा स्पीकरवर, साध्या पियानोत, धून वाजवली. मागच्या रांगांना धड ऐकू येत नव्हतं. लोक पुढे झुकले. एक सूर चुकला. मग पडदा.

टाळ्या बऱ्याच पडल्या. पडद्यामागे आई थेट मावशीपुढे जाऊन उभी राहिली.

"दार उघडलं की बंद म्हटलं होतं मी."

"माहितीये."

"सगळा प्रसंग गेला."

"माहितीये म्हटलं ना!" मावशी ओरडली. चष्मेवाले काका वायरीबद्दल काहीतरी पुटपुटत होते, ते गप्प झाले. "सगळं माहितीये मला. तुझा क्लास सुटेपर्यंत दाराबाहेर उभी राहायचे मी. तुझ्या चुका ऐकायचे. वाटायचं, मला आत घेतलं असतं तर ही चूक मी केली नसती. आज घेतलंस आत, आणि केली. झालं समाधान?"

मावशीनं कीबोर्ड काखोटीला मारला आणि जिना उतरून गेली.

दोन्ही घरांत आठवडाभर फोन नाही. लोक आईला म्हणत होते, तो आवाज हळूहळू विरत गेला ते काय सुंदर होतं. आईचा चेहरा प्रत्येक वेळी आणखी आंबायचा. शेवटी ती स्वतः मावशीकडे गेली, मला बरोबर घेऊन.

"लोक चांगलं झालं म्हणतात," ती दारातच म्हणाली. "खोटं आहे. वाईटच झालं."

"हो," मावशी म्हणाली.

"पण तू झाकण आपटलं नाहीस. मी आपटलं असतं."

मावशी बाजूला झाली. आई आत गेली.

पुढच्या प्रयोगाला आम्ही वायर जमिनीला चिकटपट्टीनं चिकटवली आणि दारापासून लांबून फिरवली. दार उघडलं, सूर तुटला, हॉलमध्ये खरोखर श्वास ऐकू आले. आईनं नंतर मावशीच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

मावशी आता निवृत्त झाली आहे आणि एका पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे रीतसर शिकते. आई अधूनमधून तिच्याकडे गायला जाते. परवा मीही होते. आईनं गायची पट्टी नेहमीसारखी काळी पाच सांगितली आणि वरच्या सुराला गळा चिरकला.

"जरा उतरवून काळी तीन करते," मावशी म्हणाली. "बटण दाबलं की होतं. मला बोटंही बदलावी लागत नाहीत."

"काही गरज नाही. मी काळी पाचमध्येच गाते."

"गायचीस."

"ताई!"

"बरं, काळी चार."

आई फुगून खिडकीबाहेर बघत बसली. मावशी पट्टीवर बोट ठेवून थांबली. बऱ्याच वेळानं आईनं, मान न वळवता, काळी चारमध्ये सूर लावला.