शर्यतीच्या आदल्या दिवशी लिहिलेली बातमी

माझ्या नातीला शाळेत सगळे टाचणी म्हणतात. अंगाने तशीच, आणि टोचायलाही तशीच. चार वर्षांची असताना तिने दूधवाल्याला विचारलं होतं, "काका, काल दूध घट्ट होतं, आज पातळ का?" तेव्हापासून तो माणूस आमच्या दारात माप जरा वरच भरतो. सून कपाळाला हात लावून म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नाही." मी म्हणायचे, जिभेला नसलं तर नसू दे, पाठीला आहे ना, मग झालं.

हायस्कुलात गेल्यावर तिला तिथलं वर्तमानपत्र सापडलं. सापडलं म्हणजे काय, मांजराला दुधाचं पातेलं सापडतं तसं. महिन्याला एक अंक, चार पानं, तीनशे प्रती. चालवणारी आठ मुलं, आठवी ते दहावीची, आणि लक्ष ठेवायला भाषेच्या बाई. यांचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं, त्यामुळे आत शिरलं की अजून जुन्या चेंडूंचा वास येतो. एक कॉम्प्युटर, चालू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात डबा खाऊन होतो. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली मागच्या वर्षीचे उरलेले अंक. टाचणी म्हणते, "आजी, शिळी बातमीपण कामाला येते."

पहिल्या वर्षी तिने नुसते गठ्ठे वाटले. दुसऱ्या वर्षी 'हरवलं-सापडलं'चा कोपरा मिळाला. एका डब्याच्या हरवलेल्या झाकणाबद्दल तिने सहा ओळी लिहिल्या, आणि झाकण दुसऱ्या दिवशी परत आलं. दहावीत ती संपादक झाली. पहिल्या पानावर वरच्या बाजूला, बारीक अक्षरात, तिचं नाव. तो अंक मी आठ दिवस उशाखाली ठेवला होता. सुनेने विचारलं तर सांगितलं, उशी पातळ झालीय.

या मुलांचा एक नियम आहे. अंक छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी टाचणी घरी येऊन सगळ्या बातम्या मला मोठ्याने वाचून दाखवते. मी अक्षराला अक्षर जोडून वाचणारी बाई. मला जे कळलं नाही ते बदलायचं, असं त्यांचं ठरलेलं. जिन्याखालच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय म्हणे, 'आजीला कळलं का?' मोठ्या सरांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा, नसेल एवढा माझा दरारा तिथे.

तर त्या गुरुवारी मी शेंगा सोलत होते आणि ही वाचत होती. मुलींच्या लांब शर्यतीची बातमी. मैदानाला बारा फेऱ्या. दहावीतली वीज, हेही टोपणनावच, तिसऱ्यांदा पहिली आली, टाळ्यांचा कडकडाट झाला, वेळ अमुक मिनिटं.

"अमुक म्हणजे?" मी विचारलं.

"ती जागा रिकामी ठेवलीय. उद्या भरणार."

"अगं, मग शर्यत कधी आहे?"

"उद्या अकराला."

"आणि पहिली आली आज? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

"आजी, छापखाना शुक्रवारी बारालाच पान घेतो. नंतर त्यांची दुसरी कामं असतात. आणि वीज आठवीपासून जिंकतेय. ती पळते तेव्हा पाय दिसत नाहीत."

मला बातमी कळली होती. नियमाप्रमाणे मी पुढे बोलायचं कारण नव्हतं. तिथेच माझंही चुकलं.

शुक्रवारी टाचणी छापखान्यात बसली, आणि तिचा जोडीदार चष्मिस बाईंचा फोन घेऊन मैदानावर उभा राहिला. पावणेबाराला हिने फोन लावला. पलीकडे आरडाओरडा. ही ओरडली, "वेळ सांग, वेळ!" तो ओरडला, "एकवीस मिनिटं चाळीस सेकंद!" फोन कटला. हिने एकवीस-चाळीस भरलं, पान दिलं. तिने वेळ विचारली, त्याने वेळ सांगितली. कोण जिंकलं हे तिने विचारलं नाही, आणि विचारलं असेलच असं समजून त्याने सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत ती छापखान्यातच घड्या घालत बसली होती. घरी आल्यावर मी म्हटलं, "काय गं, कोण जिंकलं?"

"वीज. काल सांगितलं नव्हतं का?"

शनिवारी सकाळी अंक वाटले. अर्ध्या तासात वीजच अंक हातात घेऊन हिच्यापुढे उभी.

"टाचणे, मी दुसरी आले. तू कुठे होतीस?"

पहिली आली होती शिंप्याची धाकटी. नववीतली पोर, वर्गात हजेरीपुरतं बोलणारी. तिने अंक घेतला, उभ्या उभ्या वाचला, चार घड्या घालून दप्तरात ठेवला आणि वर्गात निघून गेली. टाचणी मला म्हणाली, "आजी, ती भांडली असती ना, तर बरं झालं असतं."

मोठ्या सरांनी हिला बोलावून घेतलं. तसे मनाने वाईट नाहीत ते, पण त्यांना शांतता प्रिय.

"छापलं ते छापलं. पुढच्या महिन्यात शेवटच्या पानावर एक ओळ टाका. जगबुडी झालेली नाही."

"सर, चूक पहिल्या पानावर आहे."

"हे बघ, शाळेच्या समितीतल्या लोकांच्या डोळ्यांत हे वर्तमानपत्र आधीच खुपतंय. मुलांचा वेळ जातो म्हणतात. तू गाजावाजा केलास, तर मला कुणाला तरी बाजूला करून दाखवावं लागेल. वर नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"मग नीट विचार कर. सोमवारी सांग."

घरी आली ती भरलेला डबा तसाच घेऊन. दोन वर्षं राबून मिळवलेली खुर्ची ती. सगळं सांगून झाल्यावर गुडघ्यात मान घालून बसली. मी विचारलं, "शिंपी काय म्हणाला?"

"मी गेलेच नाही."

"मग जा की. बातमी अजून आणायची राहिलीय ना?"

वर बघितलं तिने. टोचलं असावं. टाचणीला कधीतरी दुसऱ्याने टोचायला लागतं.

चष्मिसला घेऊन ती शिंप्याच्या दुकानात गेली. शिंप्याच्या कापायच्या टेबलावर काच आहे. काचेखाली मापांचे कागद असतात. त्यातले मधले कागद काढून त्याने चौकोनी जागा मोकळी केली होती, लेकीच्या बातमीसाठी. ती जागा तशीच रिकामी. तो मशीनवरून उठला नाही, एवढंच म्हणाला, "मी गिऱ्हाइकांना सांगून बसलो होतो." धाकटी काजं करत होती. टाचणीने माफी मागितली आणि वही उघडली. शर्यत कशी झाली, सांग. पोरीने काजावरची नजर न उचलता सांगितलं, "दहाव्या फेरीत वीजने मागे वळून पाहिलं. मी नाही पाहिलं."

तिथून दोघं थेट छापखान्यात. शटर अर्धं खाली आलेलं. छापखानेवाला म्हणाला, "चूक छापायला तुम्हाला कोरा कागद लागतो. दुरुस्तीला कात्रणं चालतील का?" चालतील म्हणाले. त्याने कडेला पडलेल्या पट्ट्यांवर तीनशे वेळा छापून दिलं. पट्टीवर पहिली आलेली मुलगी, तिची वेळ, दहावी फेरी, आणि शेवटी दोन ओळी होत्या: 'आम्ही शर्यत पाहण्याआधीच बातमी लिहिली होती. ही चूक संपादकाची.' खाली टाचणीचं पूर्ण नाव.

रविवारभर आठही मुलं वर्गमित्रांच्या दारोदार फिरली, उद्या अंक परत आणा म्हणून सांगत. सोमवारी पहाटे मी मैद्याची खळ शिजवली. एवढी खळ जन्मात केली नव्हती, त्यामुळे गुठळ्या झाल्या. मोठं पातेलं चष्मिसने उचललं, मी मागून झाकण धरून चालले. शाळेच्या फाटकाशी त्यांनी तेच लंगडं टेबल मांडलं होतं.

पोरं येत होती. कुणी म्हणे, "एवढ्यासाठी?" कुणी म्हणे, "माझ्या अंकात तर काल भजी बांधली." टाचणी म्हणाली, "तेलकट असला तरी आण." तेवढ्यात वीज आली आणि तिने ब्रश हिसकावूनच घेतला.

"आण इकडे. माझ्या नावावर मीच चिकटवते." मग मागच्या पोरांना दम दिला, "ए, सरळ लावा! वाकडं लागलं तर पुन्हा बारा फेऱ्या पळायला लावीन."

मोठे सर आले. रांग बघितली, पट्टी वाचली. दोनदा वाचली.

"वरचं नाव काढावं लागेल," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

मग चेहरा तसाच कडक ठेवून त्यांनी बगलेतला आपला अंक काढला आणि पुढे केला. टाचणीने त्यावर पट्टी लावली. खळ ओली आहे, घडी घालू नका, असंही सांगितलं. ते अंक उघडा धरून, ताट न्यावं तसा, आत घेऊन गेले.

पुढच्या महिन्यापासून वर चष्मिसचं नाव आलं. त्याला ते नको होतं, हिने दटावून घ्यायला लावलं. ही पुन्हा गठ्ठे वाटते, आणि मैदानावरच्या बातम्या लिहिते. कबड्डीचा साधा सामना असला तरी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत वही उघडत नाही. उशीर होतो, तेव्हा छापखानेवाला कुरकुर करत साडेबारापर्यंत थांबतो. गुरुवारी मला आता रिकाम्या जागा असलेली बातमी कुणी वाचून दाखवत नाही.

परवा उशांचे अभ्रे शिवायला टाकायला गेले होते. काचेखाली तो अंक होता. माझ्या खळीतली एक गुठळी नेमकी तिथेच आलेली, पट्टीचं टोक उचललं गेलं होतं आणि खालून वीजचं नाव डोकावत होतं. मी ओशाळून म्हटलं, "थांबा हो, घरून जरा खळ आणते, नीट चिकटवून देते."

"राहू द्या, आजी," शिंपी म्हणाला. "कुणाला हरवलं ते लोकांना कळायला नको?"

मी काचेवर बोट ठेवून पट्टी अक्षरागणिक वाचली, अगदी खालच्या नावापर्यंत. पहिल्या पानाच्या वरचं नाव गेलं ते गेलं. दुकानात दोन अनोळखी गिऱ्हाइकं बसली होती. ती काही विचारत नव्हती, तरी मी त्यांना सांगितलं, की हे खाली नाव आहे ना, ती पोर आमच्या घरातली.