तीन पातेल्यांची बीअर

आमच्या धुळ्याच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंगवाला आहे, तो घरीच बीअर करतो. स्टीलची तीन पातेली, त्यांत गिझरच्या कॉइली, सगळं हातानं जोडलेलं. काहीही बिघडलं तरी म्हणतो, "बठ्ठं बरोबर शे," म्हणजे सगळं ठीक आहे. माझी बायको वारली तेव्हापासून रविवारी मी त्याच्याकडे जातो. तो कॉइल सांभाळतो, मी ज्वारी भरडतो अन् पाइप धरतो. बीअर कडू होते. मी तोंडावर सांगतो.

"मग आबा, ग्लास रिकामा कसा?" असं विचारून तो हसतो.

परवा त्याच्या भावानं बीअर करायचं तयार मशीन पाठवलं. एकच भांडं. बटण दाबलं की तापवणं, फिरवणं, गाळणं आपोआप. आता रविवारी मी जाऊ कुठं?

तरी म्हणालो, "ठेवून घे. तुझं एकट्याचं भागेल."

त्यानं मशीनभोवती एक चक्कर मारली अन् ते परत खोक्यात भरलं.

"भारी शे आबा. पण यात दुसऱ्या माणसाले कामच नही. उठा, ज्वारी भरडा."

"येडा शेस तू," मी म्हणालो, अन् लगेच उठलो.