आमच्या घरचीच

व्हॅल्युअर कसं व्हायचं, असं इंजिनिअरिंगची मुलं मला अधूनमधून विचारतात. सरकारी मराठीत त्याला नोंदणीकृत मूल्यांकनकर्ता म्हणतात, पण रत्नागिरीत तो शब्द उच्चारला तर ही बाई आता कर भरायला लावणार अशा नजरेने लोक बघतात. मी मुलांना सांगते, स्थापत्याची पदवी घ्या, पाच वर्षं अनुभव घ्या, मूल्यांकनकर्त्यांच्या एखाद्या संस्थेचे सभासद व्हा, तिचं प्रशिक्षण पुरं करा, परीक्षा द्या, मग नोंदणी. हे सगळं मोबाइलवरही सापडतं. सापडत नाही ते शेवटी सांगते. ज्यांच्याकडे कामाला लागाल त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी नेमणुकीचं पत्र घ्या, मग ते तुमचे काका का असेनात. मुलं हसतात. मी हसत नाही.

माझे काका सख्खे नव्हते. वडिलांचे मित्र आणि शहरातले जुने व्हॅल्युअर. घर बँकेकडे तारण ठेवायचं असो की भावाभावांत बागेची वाटणी व्हायची असो, किंमत ठरवायला लोक त्यांच्याकडे जात. मला पदवी मिळाली तेव्हा वडील मला त्यांच्या माळनाक्याजवळच्या ऑफिसात घेऊन गेले. पगाराचं कसं, असं वडिलांनी चाचरत विचारलं.

"पगार कसला घेऊन बसलास? घरची पोर ती," काका म्हणाले. "खर्चाला लागेल ते घेईल माझ्याकडून."

वडिलांना भरून आलं. मलाही आलं, खोटं कशाला सांगू.

शिकवलं मात्र त्यांनी मनापासून. जांभ्याच्या चिऱ्यावर टिचकी मारून भिंत आतून पोकळ झालीय का ते ऐकायचं. खाडीकाठच्या घरात चहाआधी विहिरीचं पाणी मागायचं, मचूळ लागलं तर किंमत तिथेच उतरली. बाग एकाची दिसली तरी जमीन त्याचीच असेल असं धरायचं नाही, आमच्याकडे जमीन एकाची आणि कलमं दुसऱ्याची असा संसार पिढ्यान् पिढ्या चालतो. आणि जागेवर पोचलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा, वाट कुठून?

दाभोळचं एक घर मला अजून आठवतं. धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे उतरून मी एकटीच गेले होते. मुलगा आखातात, घरात त्याची म्हातारी आई. घराला स्वतःची वाटच नव्हती, शेजाऱ्याच्या अंगणातून जायचं. मी कागद मागितला, तर म्हातारीला माझी कीव आली.

"माझी सासू ह्याच वाटेनं आली, मीपण ह्याच वाटेनं आले. चालायला कागद कशाला लागतो, बाय?"

परत येऊन काकांना सांगितलं, तर ते खूश झाले. "हीच वहिवाट. वर्षानुवर्षं उघडपणे चालत आलेला माणूस, त्याला कागद नसला तरी हक्क असतो. शेजाऱ्याला विचारलंस ना, तो नाही म्हणाला नाही ना? मग लिही तसं." मी लिहिलं. त्यांनी सही केली. "सही माझी, पाय तुझे," असं ते नेहमी म्हणायचे आणि मला त्यात थट्टेपेक्षा माया जास्त ऐकू यायची.

गिऱ्हाईक आलं की ते माझी ओळख करून देत, "ही आमच्या घरचीच." हे ऐकायला मला फार आवडायचं. त्यांच्या घरी गणपतीत मोदक वळायला मी असे, दुपारचं जेवण कितीदा काकूंच्या हातचं असे. ऑफिसात हजेरीचा कागद नव्हता. असावा असं मनातही आलं नाही. घरात कोण हजेरी घेतं?

नव्या नियमांची नोंदणी आली तेव्हा काकाच म्हणाले, "तू हो गो. मग पाटीवर दोन नावं लावू." ती पाटी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, अगदी अक्षरांच्या रंगासकट. दिवसभर जागा बघायच्या आणि संध्याकाळी प्रशिक्षण, असे दिवस काढले. कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. काकांनी ऑफिसात पेढे वाटले. आता फक्त त्यांचा दाखला हवा होता, ही मुलगी माझ्याकडे इतकी वर्षं कामाला आहे, एवढाच. घाई होती, कारण परीक्षेचा निकाल तीन वर्षांत वापरला नाही तर शिळा होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

"देतो गो. गणपती होऊ देत."

गणपती झाले. मग दिवाळी होऊ दे म्हणाले, मग शिमगा. मी मागायची आणि मागितल्याची मलाच लाज वाटायची. घरच्या माणसाकडे तगादा काय लावायचा?

अंजनवेलच्या एका बागेत मी टेप धरून उभी असताना फोन आला. काकांचा पुण्याचा पुतण्या. हा दर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायला यायचा, एरवी त्याचा आणि रत्नागिरीचा संबंध नव्हता. पदवी तेवढी त्याची माझ्यासारखीच. मोठ्या आपुलकीने म्हणाला, "ताई, सभासदत्वाची मुलाखत आहे माझी. काकांनी अनुभवाचा दाखला दिलाय, पण एखाद्या कामाबद्दल विचारलं तर सांगता यायला हवं. ते दाभोळचं घर आहे ना, त्याच्या वाटेचं नक्की काय होतं?"

माझा दाखला अडलाय हे त्याला माहीत नव्हतं असं मी अजूनही मानते. मला सगळं ठाऊक आहे, मी हसतहसत मदत करीन, असं धरूनच तो बोलत होता. "ज्यांनी दाखला दिला त्यांना विचार," म्हणून मी फोन ठेवला. बाग अर्धी मोजलेली तशीच सोडून परत निघाले.

दुसऱ्या दिवशी काकांसमोर उभी राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीच्या सुरात बोलले, आणि तेच मला आजवर सोसत नाही.

"तुला कसा देऊ गो दाखला? हजेरी नाही, पगार नाही. उद्या कोणी विचारलंन तर काय दाखवू? तू कामाला कुठे होतीस? तू तर घरची."

"आणि तो?"

"तो पुतण्या माझा."

घरची म्हणजे काय आणि घरचा म्हणजे काय, ते त्या दोन वाक्यांत कळलं. इतक्या वर्षांची त्यांच्या तोंडची माया मी खरी किंमत समजून धरून बसले होते. मला एकच सुचलं. "काका, मग वहिवाट?"

"ती जमिनीला असते," ते म्हणाले. "बस, चहा सांगतो."

केसाने गळा कापला म्हणतात ना, तसं झालं, आणि वर चहा. मी बसले नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बाहेर कुठे बोलू नकोस. आपले संबंध आहेत." काकांनी फसवलं त्याचा राग आला होता, वडिलांच्या या वाक्याने मात्र मी रडले.

पाटीवर दोन नावं लागली. दुसरं माझं नव्हतं.

मी चिपळूणच्या एका व्हॅल्युअरकडे गेले. कोरडा माणूस. जेवलीस का, असं त्याने मला एकदाही विचारलं नाही, आणि नेमणुकीचं पत्र पहिल्या दिवशी हातात ठेवलं. अनुभव शून्यापासून मोजला. मधल्या काळात निकाल शिळा झाला, परीक्षा पुन्हा दिली. आज माझी सही चालते.

गेल्या उन्हाळ्यात बुरोंडीला दोन भावांच्या वाटणीचं काम आलं. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही, म्हणून दोघांनी आपापला व्हॅल्युअर आणायचा ठरवलं. धाकट्याने मला बोलावलं. थोरल्याच्या बाजूने गाडीतून काका उतरले, काठी टेकत. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. तो आनंद खोटा नव्हता, हे मला मान्य करावंच लागतं.

"हिला कशाला ओळख हवी?" ते सगळ्यांना म्हणाले. "ही आमच्या घरचीच."

धाकट्या भावाचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघं एकाच घरातले? मग माझ्या बाजूनं कोण?" थोरलाही काकांकडे संशयाने बघायला लागला. काम तिथेच मोडणार, हे काकांच्याही ध्यानात आलं.

"घरातली नाही," मी म्हणाले. "मी यांच्याकडे कामाला होते."

"होय काय?" थोरल्याने काकांना विचारलं.

"होय होय, कामालाच होती," काका घाईघाईने म्हणाले. "सहा वर्षं. सगळ्या जागा हीच बघायची, मी नुसती सही करायचो."

अंगणात दोघे भाऊ होते, त्यांच्या बायका होत्या, दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडे शेजारी उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. एवढंच वाक्य मला त्यांच्याकडून हवं होतं आणि ते बोलायला त्यांना क्षणही लागला नाही.